सेलोटेप

रात्री साडेअकराला निषाद झोपेत दात खातो,
पालथा पडून ढुंगण खाजवतो.
समोरच्या रमीलाबेन म्हणाल्या, गोड फार देता तुम्ही पोराला.
डाळीत गूळ घालणाऱ्यांनी हे म्हणावं.
आमच्या यजमानांनी तर कुत्र्यालाच दोषी धरलं,
गच्चीत बांधलं बिचाऱ्याला.

मी काही बोलले नाही.
सकाळी, शी-आंघोळीच्या आधी,
चार बोटं सेलोटेप कापला,
चिकट बाजू बाहेर ठेवून चमच्याच्या दांड्याला गुंडाळला
आणि लेकाच्या मागे अलगद दाबला.
तो हसला. म्हणाला, गुदगुल्या.

टेप काचपट्टीवर, काचपट्टी डबीत, डबी पर्समध्ये.
रावपुऱ्यातून, सुरसागराला वळसा घालून,
त्यांना मी स्कूटीवर डिपार्टमेंटला आणलं.

पंधरा वर्षं इथे मी दुसऱ्यांच्या पोटातलं रंगवते:
म्हशीच्या, वटवाघळाच्या,
कामाटीबागेत म्हातारं होऊन मेलेल्या वानराच्या.
आज पहिल्यांदाच घरचं काम.

दहाच्या भिंगाखाली दिसली अंडी.
एका कुशीवर फार वेळ झोपल्यासारखी
एकाच अंगाने चपटी.
आणि एकीच्या आत, वेटोळं करून,
कुणीतरी हललं.

वानराचा जंत वेगळा, चिंपांझीचा वेगळा, आपला वेगळा.
बाहेर एक फांदी फुटली
की आतही एक फुटते, जरा उशिरा, जरा तिरकी.
आमचं शेपूट गळालं
तेव्हा ते आत होते.
आम्ही दोन पायांवर उभे राहिलो
तेव्हा त्यांची अख्खी दुनिया कलंडली असेल
आणि त्यांनी नुसती कूस बदलली असेल.
डोळे नाहीत. होते की नव्हतेच, कोण सांगणार.
हाड नसल्यामुळे दगडातही नाव राहिलं नाही.

इतरांना काय काय लागतं: ओली माती, डास,
तळ्यातली गोगलगाय, अर्धकच्चं मटण.
यांना फक्त झोपलेलं एक मूल
आणि त्याच्याजवळ झोपलेलं दुसरं.
कुत्र्यात तर ते जगतसुद्धा नाहीत.
(संध्याकाळी कुत्र्याची माफी मागायची आहे.)

झवेरी सर चहा फुंकत म्हणाले,
शहाणा पाहुणा घर जाळत नाही.
मी म्हटलं, सर, पाहुणा कसला.
पाहुण्याला परत जायला गाव असतं.

आम्हाला विचारतात, मूळ कुठले?
वाईकडचे, सांगते मी. घोड्यांच्या मागून आलेले.
वाईत आम्हाला ओळखणारं कोणी नाही.
पुण्याची मावसबहीण माझी मराठी ऐकून
किती गोड, म्हणते. म्हणजे चुकली कुठेतरी.
इथे आमच्या उसळीवर शेव पडली
आणि ती इथलीच झाली,
आता तिला कोणी विचारत नाही.

गोळी घरात सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची.
पंधरा दिवसांनी परत. चावून.
चादरी उकळत्या पाण्यात, नखं मुळापर्यंत.
लाखो वर्षांच्या सोबतीवर
संत्र्याच्या चवीची एक गोळी.
मला वाईट वाटलं असं नाही. वाटलं नाही असंही नाही.

काल रात्री टॉर्च लावून बघत होते
तेव्हा ती आली होती बाहेर,
पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा, उबेच्या अगदी काठावर.
हजारो अंडी घालून ती तिथेच संपते.
मला एकच,
आणि मी अजून जागी.

सेलोटेपची स्लाइड टिकत नाही,
वर्षभरात पिवळी पडते.
तरी लेबल लावलं. यजमान: निषाद, वय सहा.
कपाटात वानराच्या शेजारचा खण
रिकामाच होता.